एका घराचे चार पत्ते

बँकेचं एकच पत्रक एकाच माणसाच्या नावे एकाच घरात दोनदा का येतं? आणि पूर्ण पत्ता हातात असूनही ऑनलाइन मागवलेली वस्तू आणणारा मुलगा गल्लीच्या तोंडाशी थांबून फोन का करतो? हे प्रश्न घरोघरी विचारले जातात. दोन्हींची मुळं एकाच जागी सापडतात. संगणकाच्या साठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, आपला पत्ता कोणत्या रूपात ठेवला आहे यावर या दोन्हींची उत्तरं अवलंबून आहेत.

पत्ता ही माणसानं माणसासाठी लिहिलेली गोष्ट. तो यंत्राला समजावा यासाठी दोन कामं करावी लागतात. पहिलं, पत्त्याचे अर्थपूर्ण तुकडे पाडणं. याला पार्सिंग म्हणतात. दुसरं, प्रत्येक तुकडा ठरलेल्या एकाच रूपात आणणं, हे प्रमाणीकरण. या प्रकरणात ही दोन्ही कामं एकेक पायरीनं पाहू.

१. माणसाला दिसतं ते यंत्राला का दिसत नाही?

नमुन्यादाखल पुण्यातलं एक काल्पनिक घर घेऊ. त्याचा पत्ता चार कागदांवर चार तऱ्हांनी लिहिलेला आहे.

पहिला: फ्लॅट नं. ७, श्रीकृपा अपार्टमेंट, १२३४ सदाशिव पेठ, टिळक स्मारक मंदिराजवळ, पुणे ४११०३०.
दुसरा: ७, श्रीकृपा अपार्ट., सदाशीव पेठ, पुणे-३०.
तिसरा: १२३४/७ स. पेठ, टिळक स्मारकाजवळ, पुणे ४११ ०३०.
चौथा: पहिलाच मजकूर, पण रोमन लिपीत.

पुण्याचा कोणीही रहिवासी चारही वाचून एकाच दारात जाईल. 'स. पेठ' म्हणजे काय आणि 'पुणे-३०' म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नाही. संगणक मात्र अक्षरामागून अक्षर ताडून पाहतो. एक वेलांटी बदलली, एक स्वल्पविराम कमी पडला, तरी त्याच्या लेखी पत्ता वेगळा. मग एका ग्राहकाच्या चार नोंदी होतात आणि पत्रकं चार निघतात.

२. तक्ता, रकाना आणि कॉड यांचा नियम

आज बँका, विमा कंपन्या, महापालिका यांची बहुतेक माहिती ज्या प्रकारच्या साठ्यात असते त्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. ही कल्पना आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. माहिती तक्त्यांत ठेवायची. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक नोंद, प्रत्येक उभा रकाना म्हणजे त्या नोंदीचा एक गुण. एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीशी क्रमांकानं जोडायची. या मांडणीचा पहिला नियम असा, की एका खान्यात एकच गोष्ट असावी.

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा याच नियमानं चालतो. हळद, तिखट, मोहरी, जिरं वेगवेगळ्या वाट्यांत असतं, म्हणून हवं ते हवं तेवढं घेता येतं. सगळं एकाच वाटीत ओतलं तर जिनसा त्याच राहतात, पण उपयोग संपतो.

पत्त्याच्या बाबतीत नेमकं हेच होतं. कित्येक डेटाबेसांत 'पत्ता १', 'पत्ता २', 'पत्ता ३' असे तीन रकाने दिसतात. हे रकाने कागदी फॉर्मवरच्या तीन रेघांवरून आलेले. त्यांना अर्थ नाही. एकाच्या नोंदीत पेठ दुसऱ्या रकान्यात असते, दुसऱ्याच्या नोंदीत तिसऱ्यात. 'सदाशिव पेठेत आपले किती ग्राहक आहेत?' एवढ्या साध्या प्रश्नालाही असा साठा खात्रीनं उत्तर देऊ शकत नाही.

३. आधी अक्षरांची साफसफाई

तुकडे पाडण्याआधी मजकूर स्वच्छ करावा लागतो. जास्तीच्या मोकळ्या जागा काढायच्या, 'नं.', 'नंबर', 'क्र.' यांना एक रूप द्यायचं, '४११ ०३०' मधली फट मिटवायची. देवनागरी ७ आणि रोमन लिपीतला सात ही संगणकाच्या दृष्टीनं वेगळी चिन्हं आहेत. त्यामुळे अंकांचीही एकच जात ठरवावी लागते.

मराठीत याहून खोल एक अडचण आहे. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात स्वतंत्र ऱ हे अक्षर वापरून त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण साठ्यात त्यांची चिन्हं वेगळी असतात. 'कऱ्हाड' शोधणाऱ्याला निम्म्या नोंदी सापडत नाहीत आणि कारणही कळत नाही. युनिकोडची सर्वसाधारण एकरूपीकरणाची सोय या दोन रूपांना एक मानत नाही. हा नियम मराठी माहिती हाताळणाऱ्यानं स्वतः लिहावा लागतो. शिवाय त्याच गावाला 'कराड' म्हणणारे आणि लिहिणारे असंख्य आहेत, पण तो प्रश्न अक्षरांचा नाही, नावांचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

४. पिनकोड: भक्कम खुंटी, पण एकच

स्वच्छ झालेल्या पत्त्यात सर्वांत विश्वासाचा तुकडा म्हणजे पिनकोड. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि चुकीचे पत्ते यांमुळे टपालाचा होणारा गोंधळ थांबवण्यासाठी तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते.

सहा अंकांतला पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ९ हा लष्करी टपालाचा. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो: ४०० मुंबई, ४११ पुणे, ४०३ गोवा. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या डाकघराचे. म्हणून 'पुणे-३०' उलगडण्याचा नियम सोपा आहे. पुण्याचे ४११ घ्यायचे, ३० चं ०३० करायचं आणि जोडायचं: ४११०३०. याच रीतीनं 'मुंबई-२८' चा ४०००२८ होतो.

पिनकोड अंकांचा असला तरी तो संख्या म्हणून साठवू नये, मजकूर म्हणून साठवावा. भारतातला पिनकोड शून्यानं सुरू होत नाही, त्यामुळे ही चूक इथं लपून राहते. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा ०८८२० हा कोड संख्येच्या रकान्यात टाकला, की पुढचं शून्य गळतं आणि ८८२० उरतं.

दुसरी खबरदारी त्याहून महत्त्वाची. पिनकोड म्हणजे गाव नव्हे. देशात दीड लाखाहून अधिक डाकघरं आहेत आणि पिनकोड सुमारे १९ हजार. म्हणजे एका पिनकोडात सरासरी आठ-नऊ डाकघरं आणि त्याहून कितीतरी जास्त गावं येतात. म्हणून पिनकोडावरून गाव ठरवू नये; लिहिलेल्या गावाचा पिनकोडाशी मेळ बसतो का, एवढं पडताळावं. डेटाबेसमध्ये यासाठी गावांचा एक तक्ता, पिनकोडांचा दुसरा आणि दोघांना जोडणारा तिसरा तक्ता ठेवतात.

५. तुकडे पाडण्याची रीत

आता आपल्या नमुन्याच्या पत्त्याचे तुकडे पाडू. भारतातला शहरी पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो: आधी फ्लॅट, शेवटी शहर. जपानी लिपीत लिहिलेला पत्ता याच्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे येतो. आपल्याकडे शेवटचा भाग सर्वांत नियमित असल्यानं यंत्राला उलट्या दिशेनं चालवणं सोयीचं पडतं.

शेवटचे सहा अंक ४११०३०. पहिला अंक शून्य नाही, म्हणून पिनकोड. त्याआधीचा शब्द 'पुणे'. ४११ शी जुळतो, म्हणून शहर. 'टिळक स्मारक मंदिराजवळ' मध्ये 'जवळ' आहे, म्हणून ही खूण. '१२३४ सदाशिव पेठ' मध्ये 'पेठ' हा वस्तीदर्शक शब्द आहे आणि पुढे आकडा, म्हणून घरक्रमांक आणि वस्ती. 'अपार्टमेंट' इमारत सांगतं, 'फ्लॅट नं.' गाळा सांगतो. सात तुकडे, सात रकाने.

यासाठी यंत्राजवळ शब्दांचा कोश लागतो: 'सोसायटी', 'चाळ', 'वाडा', 'रोड', 'पथ', 'पेठ', 'नगर', 'वाडी', 'गट नं.', 'स. नं.' अशा शब्दांपुढे त्यांचं काम लिहिलेला. ग्रामीण पत्ता या बाबतीत शहराहून सुटसुटीत असतो. 'मु. पो. ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे' या ओळीत प्रत्येक तुकड्याआधी त्याची ओळख लिहिलेलीच आहे. टपालाच्या सवयीतून रुळलेली ही पद्धत यंत्राला हवी तशीच आहे.

कोशानं सगळं सुटत नाही. 'नगर' बघा. 'शिवाजीनगर' मध्ये ते वस्तीच्या नावाचं शेपूट आहे, पुण्यातल्या 'नगर रोड' मध्ये रस्त्याच्या नावाचा भाग आहे, आणि जुन्या पत्त्यांत 'जि. नगर' म्हणजे अहमदनगर जिल्हा. म्हणून शब्दाच्या आगेमागे काय आहे हे पाहूनच अर्थ ठरवणारे नियम लिहावे लागतात.

मराठीची आणखी एक गोष्ट परदेशी साधनांना अडवते. आपली शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात आणि चिकटताना नामाचं रूपही बदलतं. 'शनिवारवाड्यासमोर' मधून 'समोर' वेगळं काढलं तर हाती 'शनिवारवाड्या' उरतं, आणि कोशात तर 'शनिवारवाडा' आहे. सामान्यरूपावरून मूळ नाम काढण्याची पायरी मराठी पत्त्याच्या पार्सिंगमध्ये असायलाच हवी.

६. अमेरिकी साच्यात 'समोर' कुठे लिहायचं?

पोस्टग्रेस्क्यूएल हा विनामूल्य मिळणारा आणि जगभर वापरला जाणारा डेटाबेस. नकाशांच्या कामासाठी त्याला पोस्टजीआयएस नावाची जोड आहे आणि तिच्यासोबत पत्ते प्रमाणित करणारं एक साधनही मिळतं. त्याची रचना देखणी आहे. शब्दांचा कोश, गावांच्या नावांचा कोश आणि तुकड्यांच्या क्रमाचे नियम ही तिन्ही साध्या तक्त्यांत ठेवलेली असतात. नवा शब्द शिकवायचा तर तक्त्यात एक नोंद वाढवायची. एक ओळ दिली की ते १६ रकाने भरून देतं.

त्या १६ रकान्यांत इमारत आहे, घरक्रमांक आहे, रस्त्याच्या नावाआधीची आणि नंतरची दिशा आहे, टपालपेटीही आहे. खुणेसाठी मात्र रकाना नाही. कारण हा साचा अमेरिकी पत्त्यांवर बेतलेला आहे, आणि तिथं घराचा क्रमांक व रस्त्याचं नाव एवढ्यावर घर सापडतं. त्याच्यासोबतचा कोश इंग्रजी डी आणि आर ही जोडी दिसली की 'ड्राइव्ह' म्हणजे रस्त्याचा एक प्रकार, असाही अर्थ लावू शकतो. मुंबईच्या 'डॉ. आंबेडकर रोड' ला तो अर्थ उपयोगाचा नाही. असं साधन जसंच्या तसं उचलून भारतीय पत्ते त्यात कोंबले, की 'मारुती मंदिरासमोर' हा तुकडा 'इतर' मध्ये जातो किंवा गळून पडतो. आणि आपल्याकडे अनेकदा दार सापडतं ते त्याच तुकड्यावरून.

आधारच्या पत्त्याची रचना या बाबतीत अधिक जाणती आहे. तिच्यात घर, रस्ता, वस्ती, गाव किंवा शहर, डाकघर, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड यांच्या जोडीला खुणेसाठी स्वतंत्र रकाना आहे. भारतीय पत्त्यांचा तक्ता नव्यानं आखणाऱ्यानं हा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा.

नियम हातानं लिहिण्याऐवजी उदाहरणांवरून शिकणारी साधनंही आहेत. त्यांतलं लिबपोस्टल हे ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशांतल्या जगभरच्या पत्त्यांवरून कोणता तुकडा काय असावा याचा अंदाज बांधतं. ज्या भागातले पत्ते खुल्या नकाशात मुबलक असतील तिथं त्याचा अंदाज चांगला. जिथं नकाशा विरळ तिथं तेही चाचपडतं.

७. नावांची वही

काही नावं कितीही साफसफाई केली तरी एकमेकांसारखी दिसणार नाहीत. शीव आणि सायन, वांद्रे आणि बांद्रा, पणजी आणि पांजिम, कऱ्हाड आणि कराड. यांसाठी पर्यायी नावांचा वेगळा तक्ता लागतो. त्यात प्रत्येक ठिकाणाला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि त्याची सगळी नावं त्या क्रमांकाला जोडायची. 'शीव' लिहा की 'सायन', दोन्ही वाटा एकाच क्रमांकापाशी येतात. मुख्य तक्त्यात नाव न ठेवता हा क्रमांक ठेवतात.

या रचनेचं मोल नामांतराच्या वेळी कळतं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. क्रमांक वापरणाऱ्या डेटाबेसला फक्त नावांच्या तक्त्यात एक नोंद वाढवावी लागते आणि नवं नाव कधीपासून लागू झालं ती तारीख लिहावी लागते. ज्यांच्याकडे नाव थेट लाखो नोंदींत लिहिलेलं आहे, त्यांना सरसकट शोधून बदलण्याचा मोह होतो. तो घातक आहे. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. आंधळा बदल केला तर तिथला माणूस एका रात्रीत मराठवाड्यात येऊन पडेल. पिनकोड पाहिला तर फरक लगेच कळतो: ४३१००१ महाराष्ट्रातला, ८२४१०१ बिहारमधला.

८. दोन पत्ते एकाच घराचे आहेत का?

तुकडे पडले, नावं एका रूपात आली. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'सदाशिव' आणि 'सदाशीव' एकच आहेत हे यंत्रानं कसं ओळखायचं?

सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये दिलेलं माप इथं कामी येतं. एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील ते मोजायचं. 'सदाशिव' चा 'सदाशीव' करायला एकच वेलांटी बदलावी लागते, म्हणून अंतर १. 'कोथरूड' आणि 'कोथरुड' यांतही १. अंतर लहान, म्हणजे शब्द बहुधा एकच.

हे माप नावांना लावावं, आकड्यांना कधीच लावू नये. १२३४ आणि १२३५ यांतलं अंतरही १ आहे, पण ती दोन वेगळी घरं आहेत. पत्त्याचे तुकडे आधी का पाडायचे याचं हे सर्वांत ठोस कारण. अखंड ओळींची तुलना करणाऱ्या यंत्राला वेलांटीची चूक आणि शेजारचं घर यांतला फरक कळूच शकत नाही.

रोमन लिपीतल्या पत्त्यांसाठी अनेक डेटाबेसांत साउंडेक्स नावाची तयार सोय असते. उच्चारावरून शब्दाला संकेत देणारी ही पद्धत अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी शोधली आणि १९१८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना अंक देते. 'वडगाव' रोमन लिपीत कोणी डब्ल्यूनं लिहितो, कोणी व्हीनं. पुढचे अंक दोन्हींना ३२५ असेच मिळतात, पण पहिलं अक्षर वेगळं असल्यानं साउंडेक्स ही दोन वेगळी गावं मानतं. इंग्रजी आडनावांसाठी घडवलेलं माप मराठी गावांना असं तोकडं पडतं.

आता वेगाचा प्रश्न. एक लाख पत्त्यांतला प्रत्येक पत्ता बाकी प्रत्येकाशी ताडायचा तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात. त्याऐवजी फक्त एका पिनकोडातले पत्ते आपसांत ताडले तर? समजा, शंभर पिनकोडांत प्रत्येकी हजार पत्ते आहेत. प्रत्येक गटात सुमारे पाच लाख जोड्या, एकूण पाच कोटी. काम शंभरपटीनं घटलं. चुकीचा पिनकोड लिहिलेले पत्ते यात निसटतात, म्हणून दुसऱ्या फेरीत वस्तीच्या नावावरून गट पाडून पुन्हा ताडतात.

९. मूळ ओळ पुसू नये

टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये डिजिपिन ही नवी सोय खुली केली. देशाच्या नकाशावर सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत दिलेला आहे. वाडीवस्तीवरच्या, रस्त्याला नाव नसलेल्या घरांना तिचा मोठा आधार होईल. पण तळमजला आणि सातवा मजला यांचा डिजिपिन एकच असतो. त्यामुळे फ्लॅटचा क्रमांक, इमारतीचं नाव आणि खूण लिहिणं सुटणार नाही, आणि तुकडे पाडण्याचं कामही सुटणार नाही.

हे काम यंत्र कधीच पूर्ण अचूक करणार नाही. म्हणून माणसानं लिहिलेली मूळ ओळ, आहे तशी, तिच्या लिपीत, एका स्वतंत्र रकान्यात कायम जपली पाहिजे. पाडलेले तुकडे तिच्या शेजारी ठेवावेत आणि त्यांच्याबद्दल यंत्राला किती खात्री वाटते तेही नोंदवावं. उद्या कोश सुधारला, नियम सुधारले, तर मूळ ओळीवरून तुकडे पुन्हा पाडता येतात. ओळच पुसली असेल तर आजची चूक कायमची होते.

फॉर्म आणि डेटाबेस आखणाऱ्या प्रत्येकानं एवढं तरी करावं: खुणेला स्वतंत्र जागा द्यावी, घरक्रमांकात तिरकी रेघ चालू द्यावी, देवनागरीत लिहिलेला पत्ता स्वीकारावा, आणि लिहिणाऱ्याचे शब्द त्याला न विचारता बदलू नयेत.